'ओलांडते' या शब्दाचा अर्थ

भोंगा चव्वेचाळीस मिनिटं उशिरा वाजला होता. कागदोपत्री मात्र तो वेळेवरच वाजायला हवा होता.

सरकारी वकिलांचा फोन आला तेव्हा निदिया पाउतास्सो गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसली होती.

"निदियाबाई, केब्रादा ओंदाला जाऊन या. शुक्रवारपर्यंत अहवालावर तुमची सही हवी. दोषी माणूस ठरलेलाच आहे."

"ठरलेलाच आहे तर मला कशाला पाठवता?"

"तीन तज्ज्ञांनी भोंग्याचा प्रोग्राम वाचलाय. तिघंही म्हणतात, त्यात चूक नाही. चूक नाही आणि दोन माणसं बुडून मेली, हे कोर्टात कुठल्या तोंडानं सांगू?"

निदियानं पिशवी बाजूला ठेवली. आयुष्याची एकतीस वर्षं तिनं प्रोग्राममध्ये घालवली होती. आधी स्वतः लिहिण्यात, मग दुसऱ्यांनी लिहिलेले तपासण्यात. निवृत्तीला सात महिने उरले होते. कोर्दोबाहून डोंगरात जायला बसनं दोन तास लागत, आणि बसच्या पायऱ्या उंच होत्या.

"येते जाऊन," ती म्हणाली.

केब्रादा ओंदाचा पूरसूचना कक्ष नगरपालिकेच्या गॅरेजवर होता. एकच लांबट खोली. खिडकीतून खाली एल बाहो दिसत होतं, चान्यार नदीच्या काठची सखल वस्ती. भिंतींवर छातीइतक्या उंचीवर चिखलाची रेघ अजून तशीच होती.

कक्षाचा प्रमुख इंजिनिअर फेर्राती इस्त्रीचा शर्ट घालून वाट पाहत होता. त्यानं सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं.

वर डोंगरात नदीत एक मोजपट्टी आहे. तिला तरंगता मापक आहे. दर दोन मिनिटांनी तो पाण्याची उंची इथल्या संगणकाला कळवतो. पाणी दोन मीटर दहाच्या वर गेलं की संगणक भोंगा वाजवतो. तिथून पाणी एल बाहोत पोचायला पन्नास मिनिटं लागतात. बारा फेब्रुवारीला दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पाणी दोन मीटर दहाच्या वर गेलं. भोंगा वाजला चार पन्नासला. चार छपन्नला पाणी वस्तीत शिरलं.

"सहा मिनिटं मिळाली लोकांना," निदिया म्हणाली.

"बहुतेक जण पळाले. एलेओदोरो किंतेरोस आणि त्याची बायको आमालिया राहिले. तो कुबड्यांवर चालायचा. ती त्याला सोडून गेली नाही."

"हातानं वाजवता येत नाही का भोंगा?"

"येतो. त्या खटक्याची किल्ली माझ्याकडे असते. पूर्वी ती इथेच टांगलेली असायची. पण खोटे भोंगे फार झाले होते. त्या दिवशी पाळीवरच्या होवितानं मला फोन केला होता. मी विचारलं, यंत्र काय म्हणतंय? ती म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, मग मापकाला फांदी अडकली असेल. थांब."

"आणि ती थांबली."

"आदेश होता ना तसा."

होविता लुहान कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. पन्नाशी उलटलेली, गोल चेहऱ्याची, केस घट्ट बांधलेले. बावीस वर्षं ती याच खुर्चीवर दुपारची पाळी करत होती. तिनं माते, म्हणजे इथला कडू चहा, भरला आणि न विचारता निदियापुढे धरला. पेपेरिनाच्या, पुदिन्यासारख्या पाल्याचा वास आला.

"बसा हो बाई. गुडघा दुखतोय तुमचा. जिन्यावरच कळलं मला."

निदिया बसली. माते कडू आणि चांगला होता.

फेर्रातीनं पडद्यावर नियमांची फाइल उघडली. निदियाला वाटलं होतं, नेहमीसारखी आकड्यांची नि कंसांची जत्रा दिसेल. पण समोर सरळ, शाळेतल्यासारखी वाक्यं होती.

*वरच्या पट्टीवर पाणी २.१० ओलांडते तेव्हा भोंगा वाजव.*

*चाचणीचे बटण दाबले तेव्हा भोंगा तीन सेकंद वाजव.*

अशी चाळीसेक वाक्यं होती.

"हा प्रोग्राम आहे?"

"डॉन आउरेलिओची करामत. आमचा जुना इंजिनिअर, शेवटची दोन वर्षं आंधळा झाला होता, चार वर्षांपूर्वी वारला. त्याचं म्हणणं, नदी ज्याला कळते त्यानंच नियम लिहावेत. एर्मिंदो बुस्तोस आमचा नदीवाला, सहावी शिकलेला. त्याला लिहिता यावं म्हणून हे सगळं."

"आणि संगणकाला हे कळतं?"

"ते लिसांद्रोला विचारा, तो प्रोग्रामर. मला एवढंच कळतं, की नियम बरोबर आहे आणि यंत्र चुकीचं वागलं. याचा अर्थ त्या दिवशी यंत्रात जो प्रोग्राम होता तो दुसऱ्याच नियमावरून बांधलेला होता. आकडा आधी वाढवला, माणसं मेल्यावर परत होता तसा केला. आणि या फाइलला हात लावायची परवानगी एकट्या एर्मिंदोला आहे."

निदियानं पहिला नियम आपल्या वहीत उतरवून घेतला. होविता खांद्यावरून पाहत होती.

"टिंब राहिलं बाई," ती सहज म्हणाली. "शेवटी टिंब नसलं तर चाळणी ते वाक्यच सोडून देते."

"चाळणी?"

"असंच म्हणतात त्याला. मला काय कळतंय त्यातलं. मी पडद्यावर पट्टीचा आकडा वाचते नि वहीत लिहिते."

"ती वही बघू?"

वही जाडजूड होती. यंत्र असलं तरी माणसानंही नोंद ठेवायची, असा जुना नियम होता. पावसाळी दिवशी दर पाव तासानं. सकाळच्या पाळीत दुसरं अक्षर होतं आणि वेळा सरळ होत्या, नऊ, सव्वानऊ, साडेनऊ. दुपारी होविताचं नेटकं अक्षर होतं. चार पाच, चार वीस, चार पस्तीस, चार पन्नास.

"तुमच्या वेळा अशा वाकड्या का?"

"दुपारी दर पाव तासाला मला नगरपालिकेच्या रेडिओवर पाण्याची बातमी द्यावी लागते. एका तोंडानं बोलू की पट्टी वाचू? बातमी झाली की पाच मिनिटांनी वाचते."

चार पाचच्या नोंदीत दोन मीटर आठ होतं. चार वीसला दोन मीटर चौसष्ट. त्यापुढचे आकडे वाचताना निदियाला पुढे काय झालं ते ठाऊक होतं, म्हणून तिनं वही मिटली.

लिसांद्रो पेराल्ता चौकातल्या कॅफेत भेटला. चाळिशीचा, दाढी वाढलेला, दोन गावांची नि एका सहकारी संस्थेची कामं अंगावर घेतलेला. त्यानं निदियाला खुर्ची ओढून दिली आणि आधीच वैतागून बोलायला लागला.

"चौथ्यांदा सांगतोय. लिहून आणायला हवं होतं मी."

"पाचव्यांदा सांगावं लागू नये म्हणून मी आलेय. चाळणी म्हणजे काय?"

"हे बघा, कम्पायलर असतो ना, प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा, तो फार शिष्ट असतो. त्याला त्याच्याच व्याकरणात लिहिलेलं लागतं. 'पाणी ओलांडते तेव्हा' म्हटलं तर तो ढुंकूनसुद्धा बघणार नाही. म्हणून म्हाताऱ्या आउरेलिओनं मध्ये एक छोटा प्रोग्राम बसवला. कम्पायलरनं फाइल वाचायच्या आधी तो ती वाचतो. साधी वाक्यं उचलतो, त्यांच्या जागी कम्पायलरला चालतील अशा ओळी ठेवतो. कम्पायलरला पत्ताही नसतो की मूळ वाक्य काय होतं."

"आणि त्या बदललेल्या ओळी कुठे राहतात?"

"कुठेच नाही. काम झालं की पुसल्या जातात. कशाला ठेवायचा तो कचरा?"

"तुम्हाला ही चाळणी आवडत नाही."

"आवडत नाही म्हणजे? भाषेत नवे शब्द घुसवायचे, ते वाचणार कोण? मी फेर्रातीला म्हटलं होतं, सगळं सरळ भाषेत लिहून देतो. एर्मिंदो म्हणाला, मग मी काय करू, नदीला शिट्ट्या मारू? झालं, राहिली चाळणी."

"तुम्ही प्रोग्राम बांधून पाहिलात?"

"माझ्या लॅपटॉपवर. एर्मिंदोची फाइल घेतली, माझ्याकडे म्हाताऱ्यानं पूर्वी दिलेली चाळणी आहे, ती लावली. खोटं पाणी चढवलं. दोन दहाला भोंगा. क्षणाचा उशीर नाही." त्यानं हात पसरले. "बिचारा एर्मिंदो. पण दुसरं कोण असणार?"

निदियानं कॉफी संपवली. तिला उठायचं नव्हतं. दिवसभर जो तो तिला तेच उत्तर देत होता, आणि ते उत्तर वरकरणी पक्कं होतं. सही करून सातच्या बसनं घरी जाता आलं असतं.

ती एर्मिंदोकडे गेली.

एर्मिंदो बुस्तोस गावाच्या वरच्या टोकाला एकटा राहत होता. त्याला कामावरून घरी बसवलं होतं. साठीचा, उन्हानं रापलेला माणूस. दारावर कुणीतरी काळ्या रंगात 'खुनी' लिहिलं होतं. त्यानं ते पुसलं नव्हतं.

"पुसलं तर पुन्हा लिहितील. रंग त्यांचाच वाया जाईल."

"आकडा बदलला होतात का?"

"नाही."

"दुसरा कुठला नियम?"

"डिसेंबरात एक घातला. पुलाच्या दिव्याचा. बाकी काही नाही."

"डिसेंबरात प्रोग्राम पुन्हा बांधलात? कुठल्या यंत्रावर?"

"कक्षातल्या. दुसरं यंत्र मला माहीत नाही. फाइल ठेवायची नि हिरवं बटण दाबायचं, दर महिन्याच्या चाचणीआधीसुद्धा, एवढं डॉन आउरेलिओनं शिकवलंय. चाळणीच्या आत काय आहे ते मी कधी पाहिलं नाही. तिचा संकेतशब्दसुद्धा मला माहीत नाही."

"मग भोंगा का वाजला नाही, तुमच्या मते?"

"बाई, मला खोटे भोंगे चुकवता आले नाहीत कधी. वर्षाला पाच-सहा व्हायचे. फांदी अडकली की मापक वर उचलला जायचा. लोक सामान घेऊन पळायचे, परत आले की मला शिव्या. शेवटचा झाला परवाच्या वर्षी डिसेंबरात. त्यानंतर चौदा महिने एकही नाही. फेर्राती म्हणाला, शाबास एर्मिंदो, नियम सुधारलेस. मी काहीच सुधारलं नव्हतं. वाटलं, नशीब."

"खरं पाणी त्या चौदा महिन्यांत चढलं नाही?"

"इथला पाऊस उन्हाळ्यातला, आणि दोन्ही उन्हाळे कोरडे गेले. चाचणीचा भोंगा दर महिन्याला वाजायचा. सगळं ठीक वाटायचं."

टेबलावर कापडानं झाकलेली थाळी होती. एम्पानादास, खिम्याच्या करंज्या.

"शेजारी अजून विचारतात वाटतं तुम्हाला."

"शेजारी तोंड फिरवतात. होविता पाठवते, रोज. मी सांगितलं नको, तरी पाठवते. तिचं मन मोठं आहे. तो शेवटचा खोटा भोंगा झाला ना, त्यात तिची आई गेली. वस्ती रिकामी करणाऱ्या ट्रकवर चढवतानाच छातीत कळ आली म्हातारीला. इतकं होऊनही तिनं मला कधी शब्दानं दुखवलं नाही."

निदियानं ते ऐकलं. सातची बस तिनं सोडली आणि चौकातल्या लॉजमध्ये खोली घेतली.

सकाळी नऊला तिनं लिसांद्रोला कक्षात बोलावलं. होविताची पाळी दुपारची होती. फेर्राती अजून आला नव्हता.

"भोंग्याची तार काढा. तिच्या जागी दिवा लावा. आता प्रोग्राम नव्यानं बांधा. एर्मिंदोचीच फाइल, पण तुमच्या लॅपटॉपवर नाही. याच यंत्रावर."

"फाइल तीच असेल तर प्रोग्राम तोच होणार."

"बांधा तर खरं."

नऊ वाजून सात मिनिटांनी त्यानं खोटं पाणी चढवलं. अडीच मीटर. दिवा लागला नाही.

लिसांद्रो पुढे झुकला. "तार सैल असेल."

"हात लावू नका. पाणी तिथेच ठेवा."

ती खुर्चीत मागे रेलली आणि घड्याळाकडे पाहत बसली. लिसांद्रो फेऱ्या घालायला लागला. नऊ वीस झाले. नऊ पस्तीस झाले. नऊ पन्नासला दिवा लागला.

लिसांद्रोनं पडद्यावरची फाइल पुन्हा वाचली. "पण फाइल तर तीच आहे."

"फाइल तीच. कम्पायलर तोच. मग वेगळं काय राहिलं?"

तो म्हणाला, "चाळणी. इथली चाळणी आणि माझ्याकडची."

"आता पुन्हा बांधा, पण कम्पायलरच्या आधी थांबा. तुम्ही ज्याला कचरा म्हणता तो मला वाचायचाय."

दहा मिनिटांत तो मधला मजकूर पडद्यावर आला. चाचणीच्या नियमाची एक ओळ होती, स्वच्छ. 'ओलांडते'च्या जागी मात्र आठ ओळी आल्या होत्या. निदियानं त्या दोनदा वाचल्या. मग जाऊन होविताच्या टेबलावरची वही उघडली आणि फेब्रुवारीचीच नव्हे, मागच्या दोन वर्षांची पानं चाळली.

दुपारी तीनला खोलीत पाच जण होते. एर्मिंदो दाराशी उभा होता, आत यायला कचरत. होवितानं त्याला खुर्ची दिली आणि माते भरायला घेतला. निदिया बसूनच बोलली.

"तिन्ही तज्ज्ञांनी एर्मिंदोची फाइल वाचली. ती निर्दोष आहे. ती पूर्वीही निर्दोष होती. कुणी आकडा वाढवला नाही नि कुणी परत खाली आणला नाही. वाक्य तेच राहिलं. त्यातल्या एका शब्दाचा अर्थ बदलला."

"म्हणजे?" फेर्राती म्हणाला.

"कम्पायलरला 'ओलांडते' कळत नाही. चाळणी त्याला सांगते की या शब्दाचा अर्थ काय. डॉन आउरेलिओच्या चाळणीत अर्थ होता, पाणी या आकड्याहून जास्त आहे. या यंत्रावरच्या चाळणीत अर्थ असा आहे, की तीन वाचनं लागोपाठ या आकड्याहून जास्त आली पाहिजेत. बारा फेब्रुवारीला चार सहाला पाणी वर गेलं. पहिलं वाचन चार वीस, दुसरं चार पस्तीस, तिसरं चार पन्नास. म्हणून चार पन्नासला भोंगा. एर्मिंदो दर वेळी हिरवं बटण दाबत होता नि नकळत हाच अर्थ यंत्रात भरत होता. चाचणीच्या नियमात हा शब्दच नाही, म्हणून चाचणी दर महिन्याला व्यवस्थित व्हायची."

"हे लिसांद्रोचं काम," फेर्राती म्हणाला. "दुसऱ्या कुणाला असलं जमणार?"

लिसांद्रो उठला. निदियानं त्याला हातानंच बसवलं.

"मापक दर दोन मिनिटांनी आकडा देतो. लिसांद्रोनं लिहिलं असतं तर दोन-दोन मिनिटांची वाचनं मोजली असती. ही चाळणी तसं करत नाही. ती फक्त चार वेळांची वाचनं धरते. पाच, वीस, पस्तीस आणि पन्नास. अशा वाकड्या वेळा कोणत्या प्रोग्रामर माणसाच्या डोक्यात येतील?"

मातेचं पाणी ओतायचा आवाज थांबला होता.

"एर्मिंदोला शब्दाचा अर्थ बदलायची गरजच नव्हती," निदिया पुढे म्हणाली. "अख्खं वाक्य त्याच्या हातात होतं. ज्याच्या हातात वाक्य नाही, तो शब्दाला हात घालतो. आणि इंजिनिअरसाहेब, तुम्हाला तर चाळणी वाक्य कुठे संपलं हे कशावरून ओळखते, तेही माहीत नसेल."

"नाही माहीत."

"टिंबावरून. हे मला काल न विचारता सांगितलं ते होवितानं. स्वतःला त्यातलं काही कळत नाही म्हणणाऱ्या होवितानं." ती तिच्याकडे वळली. तिला हे बोलायचा कंटाळा आला होता, पण ते दुसऱ्या कुणी बोलणार नव्हतं. "त्या वेळा या वहीत आहेत, आणि फक्त तुमच्या अक्षरात आहेत. सकाळच्या पाळीत नाहीत. डॉन आउरेलिओची दृष्टी गेली तेव्हा त्यांची चाळणी टाइप कोण करायचं?"

होवितानं मातेचं भांडं खाली ठेवलं.

"मी," ती म्हणाली. "ते बोलायचे, मी टाइप करायची. दोन वर्षं. प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांनी मला समजावून सांगितला होता."

एर्मिंदो खुर्चीतच तिच्याकडे वळला.

"आई ट्रकच्या फळीवर गेली," होविता म्हणाली. "वर गेले बघायला, तर मापकाखाली बाभळीची फांदी. एका फांदीसाठी. मी इंजिनिअरसाहेबांना तीन अर्ज दिले, दुसरा मापक बसवा, दोन्ही सांगतील तेव्हाच वाजवा. उत्तर नाही आलं. उलट खटक्याची किल्ली काढून घेतली. मग मी वही काढून बसले. बावीस वर्षांच्या नोंदी. फांदी कधीच तीन नोंदी टिकत नाही. दोन नोंदींत वाहून जाते. म्हटलं, यंत्रानं माझ्यासारखं वाचावं. तीन नोंदी झाल्या की ते खरं पाणी."

"आणि वेळ? त्याचा हिशेब केला नव्हता?"

"केला होता हो बाई. पहिली नोंद, मग पाव तास, मग पाव तास. अर्धा तास. पाणी यायला पन्नास मिनिटं. वीस मिनिटं उरतात. ट्रक अठरा मिनिटांत वस्ती रिकामी करतो, मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे. पण पहिल्या नोंदीपर्यंतचा वेळ मी धरलाच नाही. चार पाचला मी वाचलं तेव्हा दोन आठ होतं. चार सहाला ते वर गेलं. एका मिनिटानं चुकलं. मग चार वीसपर्यंत त्या यंत्रानं तिकडे पाहिलंच नाही."

"चार वीसला तुम्हाला दिसलं होतं. साहेबांना फोन केलात."

"केला. त्यांनी विचारलं, यंत्र काय म्हणतंय. मला सांगायचं होतं की यंत्र गप्प आहे ते माझ्यामुळे, किल्ली घेऊन धावत या. जीभ उचलली नाही. वाटलं, अजून वेळ आहे, वाजेल आता." ती एर्मिंदोकडे वळली. "आणि तुला घरी बसवलं तेव्हापासून रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. मग स्वयंपाक करायची नि तुझ्याकडे पाठवायची."

एर्मिंदोनं तोंडावरून हात फिरवला. "मी ते खाल्लं, होविता," तो म्हणाला. "रोज खाल्लं."

उठून तो खिडकीशी गेला आणि पाठ करून उभा राहिला.

फेर्राती घसा खाकरून म्हणाला, "म्हणजे कक्षाची जबाबदारी इथे संपते."

"नाही संपत," निदिया म्हणाली. "ते तीन अर्ज मी आज दुपारी तुमच्या कपाटातून काढलेत. माझ्या अहवालात ते पहिल्या पानावर असतील. किल्लीही."

पोलिसांची गाडी यायला अर्धा तास लागला. त्या वेळात होवितानं दुपारच्या नोंदी पूर्ण केल्या आणि सकाळच्या पाळीवाल्याला फोन करून बोलावून घेतलं. तिला कुणी अडवलं नाही. लिसांद्रोनं डॉन आउरेलिओची जुनी चाळणी आणून लावली, आणि या वेळी मधला मजकूर छापून भिंतीवर चिकटवला. जाताना होवितानं निदियाचा हात धरला.

बसला दीड तास होता. निदिया गुडघा सांभाळत एल बाहोत उतरली. किंतेरोस पती-पत्नीची मुलगी रोसाउरा तिथे आईवडिलांचं घर धूत होती. एर्मिंदोच्या दारावर काळ्या रंगात तिनंच लिहिलं होतं, असं लॉजची बाई म्हणाली होती.

निदियानं तिला सगळं सांगितलं. शब्द, चाळणी, वही, चुकलेला हिशेब. रोसाउरानं झाडू भिंतीला टेकवला आणि पायरीवर बसून ऐकलं.

"म्हणजे एर्मिंदो नव्हता."

"नव्हता."

"होविता." तिनं ते नाव दोनदा उच्चारलं. "तिच्या आईच्या मयताला आम्ही सगळे गेलो होतो."

तिनं ओले हात कपड्याला पुसले.

"तुम्हाला एक सांगते, बाई. मयताहून परत आल्यावर वस्तीनं नगरपालिकेला एक अर्ज दिला. भोंगा उगाच वाजवू नका, खात्री झाल्याशिवाय वाजवू नका, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. दोनशे सह्या होत्या. पहिली सही बाबांची. कुबड्या घेऊन घरोघर तेच फिरले होते."

निदिया तिच्या शेजारी पायरीवर बसली. अहवालात हेही लिहावं लागणार होतं, आणि ते कुठल्या पानावर घालायचं ते तिला ठरवता येईना.

थोड्या वेळानं रोसाउरा उठली. आतून तिनं रंग पुसायच्या टर्पेंटाइनची बाटली आणि एक जुनं फडकं आणलं.

"वरच्या टोकाला जायचंय मला," ती म्हणाली. "तुमची बस तिकडूनच सुटते ना? चला, हळूहळू जाऊ."